जुनी फायबर होडी घेतोय, आतलं लाकूड कुजलंय का हे कसं ओळखायचं?

खाडीकाठ | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आमचं आंजर्ल्याला छोटंसं होमस्टे आहे, तीन खोल्या. दोन वर्षं झाली, येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो डॉल्फिन दाखवायला नेता का, आणि आम्ही त्यांना हर्णैचा रस्ता दाखवतो. घरात चर्चा करून करून आता ठरवलंय की आपलीच एक होडी घ्यायची. अलिबागकडे एक विकायला आहे, १८ फुटी, उघडी, फायबरची, २००९ सालची, मागे यामाहाचं ४० एचपीचं आउटबोर्ड (मागे टांगायचं इंजिन), ट्रेलरसकट साडेचार लाख म्हणतोय. फोटोत एकदम चकाचक, आतून पांढरी बाहेरून निळी. पाऊसभर अंगणात ताडपत्रीखाली होती.

मी त्याला फोनवर विचारलं की आत काही कुजलंबिजलं नाही ना, तर म्हणाला, अहो फायबर आहे, फायबर कधी कुजतं का! आता हे खरं तर बरोबरच वाटतं. पण आमच्याकडचे एक जुने तांडेल, होडी चालवण्यात आयुष्य गेलेले, म्हणाले की मागची फळी बघून घे. मागची फळी म्हणजे नक्की काय बघायचं हे त्यांनी सांगितलं नाही, पान लावलं आणि गप्प बसले. पुढच्या शनिवारी बघायला जातोय. काय बघू?

तिरकस | रविवार, रात्री ९:५८

लाकडाची घ्या. विषय संपला.

तांडेलपोर | रविवार, रात्री १०:१५

तिरकसराव, लाकडाची बांधून देणारा मेस्त्री आणून द्या मग, विषय खरंच संपेल. आमच्या उरण-करंजाकडे लाकडावर हात बसलेले मेस्त्री आता शोधावे लागतात.

खाडीकाठ, तुमच्या तांडेलांनी एका वाक्यात सगळं सांगितलंय. फायबर होडी पूर्ण फायबरची नसते. इंजिन ज्या मागच्या आडव्या फळीवर टांगलेलं असतं, म्हणजे ट्रान्सम, तिच्या पोटात प्लायवुड असतं, दोन्ही अंगांनी फायबर मारलेलं. तळात जे लांब दांडे नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागेपर्यंत जातात त्यांच्यातही बरेचदा लाकूडच, वरून मॅट, म्हणजे काचेच्या धाग्यांचं कापड. पायाखालचा फ्लोअर पण प्लायच. बाहेरून सगळं पांढरं दिसतं म्हणून माणसाला वाटतं बादलीसारखं एकसंध आहे.

जेलकोट | रविवार, रात्री ११:३२

मी अकरा वर्षं एफआरपीच्या, म्हणजे फायबरच्याच, वर्कशॉपमध्ये काढली, होड्या, पाण्याच्या टाक्या, बसची बंपर, सगळं केलं, आता कंपनीत क्वालिटीला आहे. लांब लिहितोय, चहा घेऊन बसा.

आधी विक्रेता काय म्हणाला ते. फायबर कुजत नाही, बरोबर. काच आणि पॉलिएस्टर रेझिन, त्यात बुरशीला खायला काही नाही. पण आतल्या प्लायला खायला भरपूर आहे. बुरशीला तीन गोष्टी लागतात, लाकूड, हवा आणि ओल. लाकडात साधारण वीस टक्क्यांच्या वर ओल गेली आणि तशीच टिकली की काम सुरू. आणि हे लोकांना पटत नाही पण ती ओल समुद्राची असण्यापेक्षा पावसाची असेल तर जास्त वाईट. खाऱ्या पाण्यात कुजवणारी बुरशी फारशी वाढत नाही, मीठ तिला मानवत नाही. गोडं पाणी मानवतं. म्हणजे होडी आठ महिने समुद्रात असते तेव्हा तिचं जेवढं वाटोळं होत नाही तेवढं चार महिने अंगणात उभी असताना होतं, पाऊस पडतोय, पाणी काढायच्या भोकाला बूच लावलेलं आहे, आत वीतभर पाणी साचलंय, वर ताडपत्री, आत उबारा. तुम्ही लिहिलंत ना पाऊसभर ताडपत्रीखाली होती, ते वाचून मला पहिली शंका तिथेच आली.

पूर्वी किनाऱ्यावर होड्या झापांनी, म्हणजे विणलेल्या झावळ्यांनी, शाकारून ठेवायचे, अजूनही काही जण ठेवतात. झापाखालून वारा फिरतो. निळी प्लास्टिकची ताडपत्री घट्ट बांधली की खाली घाम सुटतो, सकाळी हात लावून बघा, आतून थेंब लोंबत असतात. पाऊस बाहेर राहतो पण ओल आत कोंडते.

पाणी आत जातं कुठून? जिथे भोक पाडलंय तिथून. इंजिनचे बोल्ट, बुचाचं भोक, फिश फाइंडरचा सेन्सर लावायला मारलेले दोन स्क्रू, दोर बांधायच्या खुंट्या, बाजूच्या रेलिंगचे स्क्रू. भोक पाडणारा माणूस सिलिकॉनची नळी पिळतो आणि समजतो झालं. ते दोन वर्षांत सुटतं. तिथून पाणी प्लायच्या थरांमध्ये शिरतं आणि वात तेल ओढते तसं ओढलं जातं. दोन्ही बाजूंनी फायबरचं कवच, म्हणजे बाहेर पडायला वाट नाही.

आता शनिवारी काय करायचं. एक नायलॉनच्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर न्या, एक चांगली टॉर्च, पाने, खडू आणि एक जाड माणूस. जाड माणूस गंमत म्हणून नाही सांगत, कामाचा आहे.

पोचल्या पोचल्या होडीला हात लावू नका, आधी नाक लावा. पुढच्या नाळेजवळचं कप्प्याचं झाकण उघडून डोकं आत घाला. पावसाळ्यात बंद राहिलेल्या माळ्यावरच्या पेटीचा वास येतो तसा कुबट वास आला तर आत कुठेतरी ओलं लाकूड आहे. फिनेलचा किंवा ताज्या रंगाचा वास आला तर त्याहून जास्त विचार करा. मग अनवाणी आत चाला. बूट घालून कळत नाही. टाच दाबत दाबत, विशेषतः जिथे इंजिन चालवणारा उभा राहतो तिथे आणि कडेला. फ्लोअर दबला आणि परत वर आला की खालचं प्लाय गेलंय किंवा फायबर सुटलंय.

मग ठोकून बघा. मडकं घेताना टिचकी मारतो तसंच आहे हे. आधी जिथे नक्की चांगलं असणार, म्हणजे होडीची उंचावरची बाजू, तिथे ठोकून कान तयार करा. नंतर ट्रान्समवर, आतून आणि बाहेरून, दर चार बोटांवर. चांगलं लाकूड टणक वाजतं, स्क्रूड्रायव्हर हातातून उडतो. ओलं किंवा सुटलेलं भद्द वाजतं, स्क्रूड्रायव्हर उडत नाही, बसतो. भद्द वाजलं की खडूनं खूण. शेवटी खडूच्या खुणा जोडल्या की नकाशा तयार होतो, आणि बहुतेक वेळा नकाशा खालच्या कोपऱ्यातून बुचाभोवती आणि इंजिनच्या बोल्टांपासून खाली असा असतो, कारण पाणी खालीच जाणार.

आता जाड माणूस. इंजिन अर्धं वर उचलून लॉक करा आणि त्याला इंजिनच्या खालच्या टोकावर दोन्ही हातांनी वजन द्यायला सांगा, झटका नाही, सावकाश. तुम्ही बाजूला उभं राहून फळीच्या वरच्या कडेकडे एक डोळा मिटून बघा. चांगली फळी हलत नाही, अख्खी होडी ट्रेलरवर डुलते. फळीच वाकली, कोपऱ्यातल्या भेगा उघडल्या मिटल्या, किंवा बोल्टाशेजारून चहाच्या रंगाचं पाणी पाझरलं, तर पुढचं काही बघू नका.

खाडीकाठ | रविवार, रात्री ११:५०

बापरे. जेलकोटदादा, खूप खूप आभार. जाड माणूस घरातच आहे, मेव्हणा.

सरोवरकाठची | सोमवार, सकाळी ६:१२

मी मिशिगनमध्ये राहते, मूळची डोंबिवलीची. आम्ही इथे १९८७ ची एकवीस फुटी बोट घेतली होती, आनंदाच्या भरात. वरच्या पोस्टमधलं एकही काम केलं नव्हतं. नवऱ्याचं म्हणणं, इंजिन सुरू होतंय ना, मग झालं.

पहिल्याच उन्हाळ्यात लक्षात आलं की बोट सुस्त आहे, पुढचा भाग वर जातो आणि खाली बसायला फार वेळ घेतो. दुसऱ्या वर्षी फ्लोअर मऊ लागला म्हणून कापला तर खाली जो फोम असतो ना, बोट बुडू नये म्हणून भरलेला, तो पूर्ण पाण्यानं भरलेला. हातानं पिळला तर पाणी निघत होतं. स्पंज. तो फोम बंद पेशींचा असतो, पाणी घेत नाही असं म्हणतात, पण वर्षानुवर्षं पाण्यात बसला की घेतो, आणि एकदा घेतलं की सोडत नाही. आणि त्या ओल्या फोमला चिकटून लाकडी दांडे, त्यांचं तर आतून काळं भुस्काट झालेलं, वरचं फायबर मात्र शाबूत, पोकळ नळीसारखं.

आमच्याकडे वर हिवाळ्याचा तमाशा. आत शिरलेलं पाणी गोठलं की साधारण नऊ टक्के फुगतं, त्यानं फायबर आणि लाकूड एकमेकांपासून उचकटतं. कोकणात तो त्रास नाही, तेवढं सुख.

एक सांगते, जे आम्ही नंतर शिकलो. वजन करा. रस्त्यावर ट्रकचे वजनकाटे असतात तिथे. पाणी खोटं बोलत नाही, लिटरला किलो.

खाडीकाठ | सोमवार, सकाळी ८:०५

ताई, पण मूळ वजन किती हे कसं कळणार? होडीवर कसली प्लेट दिसत नाही फोटोत.

जेलकोट | सोमवार, दुपारी १:२०

ताईंची आयडिया मस्त आहे आणि प्लेट नसली तरी जमतं. आपल्याकडे या होड्या साच्यातून निघतात, एका साच्यातून पन्नास. विक्रेत्याला विचारा कुठल्या यार्डात बनली, त्याच साच्यातली दुसरी होडी आसपास कुणाकडे तरी असणारच, त्याला आधीच माहीत असेल. दोन्ही वजनं करा. इंजिन, टाकी, बॅटरी, नांगर, जाकिटं सगळं काढून. काट्याचा फरक दहावीस किलोचा धरा, शिवाय साच्यातून प्रत्येक वेळी थोडं कमीजास्त रेझिन पडतंच, तीसचाळीस किलो सोडून द्या. त्यापुढे गेलं तर ते पाणी.

माश्याक_जाळा | सोमवार, दुपारी ३:४४

देवबागात माजे दोन होडये आसत. फायबराक काय जायत नाय असा सगळेच म्हणतत, पण फळयेक जाता ता कोण सांगणा नाय. माजी पयली होडी चार वर्सांत मागसून लिबलिबीत झाली, इंजिन सुरू केला की फळी डुगडुगा. शेवटाक एक दिवस भरतेर इंजिन फळयेसकट मागे झुकला, दोन पावणे वरसून वरडतत, मी दोरयेन इंजिन बांधून कसातरी किनारो गाठलय. देवान वाचवल्यान.

पावण्यांका न्यायचा तर फळयेच्या बाबतीत हयगय नको रे.

तिरकस | सोमवार, दुपारी ४:०२

आणि हे लोक आम्हाला सांगतात लाकडी जुनाट.

तांडेलपोर | सोमवार, संध्याकाळी ७:३०

तिरकसराव, लाकडीला खाडीत किडा पोखरतो त्याचं काय? सुईच्या टोकाएवढ्या भोकातून शिरतो आणि आत बोटाएवढे बोगदे. बाहेरून फळी ठीक, आत चाळण. म्हणून तर लोक लाकडीवर फायबर चढवायला लागले. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनं त्यावर बरंच काम केलंय.

पण त्याचीही गोम आहे, आमच्या काकांची होडी तशीच गेली. लाकूड ओलं असताना फुगतं, सुकलं की आखडतं, फायबर हलत नाही. चढवताना लाकूड नीट सुकलेलं नसेल तर दोनतीन वर्षांत कातडं सुटतं, मग मधल्या पोकळीत पावसाचं पाणी बसतं. काकांनी किडा थांबवला आणि आत बुरशी पाळली. खाडीकाठ, तुमची साच्यातली आहे ना? की लाकडीवर चढवलेली? आतून बघून लगेच कळेल, साच्यातलीला आतल्या अंगाला मॅटचे धागे, जाळीसारखं विणलेलं रोव्हिंग दिसतं, बाहेरून गुळगुळीत. चढवलेलीला उलटं, बाहेरून खडबडीत आणि आत फळ्या.

खाडीकाठ | सोमवार, रात्री ९:१०

साच्यातली आहे. आत विणलेलं दिसतंय असं वाटतंय पण वर पांढरा रंग मारलाय जाड.

एक प्रश्न, तळाला पाण्याखालच्या भागात फोडांसारखं काहीतरी दिसतंय एका फोटोत, दहाबारा असतील, नाण्याएवढे. हे कुजणं आहे का?

जेलकोट | सोमवार, रात्री १०:४५

ते वेगळं प्रकरण. त्याला ऑस्मोसिस म्हणतात. बाहेरचा जो चकचकीत थर असतो, जेलकोट (माझं नाव तिथलंच), तो पूर्ण वॉटरप्रूफ नसतो, अगदी हळूहळू पाण्याची वाफ आत जाऊ देतो. आत रेझिनमध्ये विरघळण्यासारखे पदार्थ राहिलेले असतात, पाणी तिथे पोचलं की घट्ट द्रावण तयार होतं आणि ते बाहेरून आणखी पाणी ओढतं. मनुका पाण्यात टाकली की फुगते, तेच तत्त्व. दाब वाढला की जेलकोटला फोड.

एखादा फोड टोचणीनं फोडून बघायला हरकत नाही, मालकाला विचारून, आणि डोळ्यावर चष्मा लावून, कारण आतलं पाणी पिचकारीसारखं उडतं. बोटाला चिकट लागलं आणि व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ऑस्मोसिस. नुसतं साधं पाणी किंवा हवा निघाली तर रंगाचा फोड, सोडून द्या. स्वस्तात बनवलेल्या होड्यांना ऑर्थो रेझिन (पॉलिएस्टरचा स्वस्त प्रकार) वापरतात त्यांना हे जास्त होतं, आयसोला (महागातला प्रकार) कमी. आणि जी होडी कायम पाण्यात उभी असते तिला होतं, रोज वाळूवर ओढली जाणारी सहसा वाचते. म्हणजे ही अंगणात राहणारी होडी नव्हती, बरीच वर्षं जेट्टीला बांधलेली होती, हे तो फोड सांगतोय.

पण दहाबारा फोडांनी होडी बुडत नाही. घासून, महिनोन्‌महिने सुकवून, एपॉक्सीनं (दुसऱ्या प्रकारचं, जास्त घट्ट धरणारं रेझिन) भरतात. कटकट आहे, धोका नाही. लोक फोड बघून घाबरतात आणि मऊ फळीवर शिक्का मारून येतात, मी असं किती वेळा बघितलंय.

वाळूवर ओढल्या जाणाऱ्या होडीचं दुखणं वेगळं, तिच्या तळाच्या मधल्या कण्यावरचा जेलकोट घासून जातो आणि काचेचे धागे उघडे पडतात. त्या धाग्यांच्या कडेकडेनं पाणी आत जातं. ट्रेलरखाली आडवे पडून टॉर्च तिरकी मारा, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर. सरळ उजेडात सपाट दिसणारं तिरक्या उजेडात खाचाखळगे दाखवतं. जुनी दुरुस्तीही तशीच पकडता येते, रंग कितीही मॅच केलेला असो.

पिंपरीचा_प्रशांतसागर | मंगळवार, सकाळी १०:१५

मॉइश्चर मीटर घ्या की ऑनलाइन, हजारबाराशेला मिळतो. पाच मिनिटांत निकाल. एवढं मडकं वाजवत कशाला बसायचं.

जेलकोट | मंगळवार, सकाळी ११:४०

मिळतो. त्या पैशात जो येतो तो दोन सुया टोचायचा, फर्निचरसाठी. फायबरच्या आरपार त्या सुया जाणार नाहीत, वरच्या रंगाचंच माप देईल. बिनसुयांचा, नुसता ठेवून बघायचा मीटर लागतो, आणि तोही फसतो. तळाला तांब्याचा अँटिफाउलिंग रंग (शेवाळ-शिंपले चिकटू नयेत म्हणून मारतात तो) असेल तर फसतो, मागे आत लोखंडी पट्टी असेल तर फसतो, काल पाऊस पडून बाहेरचा थर ओला असेल तर फसतो. सप्टेंबरात कोकणात हवेलाच एवढी ओल असते की मीटर माणसावर ठेवला तरी ओला दाखवेल. तुलनेला ठीक, म्हणजे वरच्या बाजूला एवढं आणि फळीत तिप्पट असं. आकड्यावर विश्वास ठेवून निर्णय घेऊ नका.

पिंपरीचा_प्रशांतसागर | मंगळवार, सकाळी ११:५२

ओके सर 🙏

सरोवरकाठची | मंगळवार, संध्याकाळी ५:२०

मीटर नसेल तर उन्हाचा उपयोग करा. होडी दिवसभर उन्हात तापू द्या आणि सूर्य मावळल्यावर अर्ध्यापाऊण तासानं फळीवर हात फिरवा. पाणी उशिरा गार होतं, ओला भाग कोमट लागतो. ज्याच्याकडे फोनला लावायचा थर्मल कॅमेरा आहे त्याला तर चित्रच दिसतं. दर वेळी कळेल असं नाही, पण फुकट आहे.

जेलकोट | मंगळवार, रात्री ९:१५

हो ताई, हे चालतं.

आणि शेवटचा उपाय, जो निर्विवाद आहे, भोक पाडणं. मालकाची परवानगी हवी, लेखी घेतलीत तर उत्तम. फळीला आतल्या बाजूनं, बाहेरून नाही, खालच्या दोन्ही कोपऱ्यांत आणि इंजिनच्या खाली असं तीन ठिकाणी सहा मिलिमीटरचं भोक. ड्रिल बिटवर टेप गुंडाळून खूण करा म्हणजे आरपार जाणार नाही, फळी साधारण दीडदोन इंच जाड असते, तुम्ही इंचभरच जा. सावकाश. बाहेर येणारा भुसा कागदावर घ्या. आधी पांढरा काचेचा चुरा येईल, मग लाकूड. लाकूड कोरडं, फिकट, कुरकुरीत आलं तर देवाला नारळ फोडा. तपकिरी आणि ओलसर आलं, बिटला चिकटलं, तर पाणी शिरलंय पण अजून कुजलं नसेल. काळं आलं, कॉफीच्या गाळासारखं, किंवा बिट लोण्यात शिरल्यासारखा गेला, तर संपलं.

मालक भोक पाडू देत नसेल तर फळीत आधीच असलेला एखादा स्क्रू काढायला सांगा, खालचा. स्क्रू गंजका ओला निघाला, किंवा पाना न लावता नुसता बोटानं गोल गोल फिरला, तर तेवढंच उत्तर.

खाडीकाठ | मंगळवार, रात्री ९:४०

समजा पाणी निघालं तर सुकवता येतं का? भोकं पाडून उन्हात ठेवली तर?

जेलकोट | मंगळवार, रात्री १०:०५

नाही. दोन काचांच्या मध्ये ओली गादी ठेवून तिला चार भोकं पाडली तर गादी सुकेल का. भोकाभोवतीची चार बोटं सुकतात. बाजारात पातळ एपॉक्सी मिळतं, भोकातून ओतायचं, ते ओल्या लाकडात जातच नाही, जागा पाण्यानं अडवलेली असते.

करायचं तर नीट करायचं. आतलं कातडं ग्राइंडरनं कापून काढायचं, प्लाय छिन्नीनं खरवडून पूर्ण बाहेर, कोरडं होऊ द्यायचं, नवीन मरीन प्लाय. प्लायवर आयएस ७१० चा शिक्का बघून घ्या, ती ७२ तास उकळून तपासलेली असते. आयएस ३०३ चा शिक्का दाखवून मरीन आहे म्हणून खपवतात, ते कपाटाचं. प्लायच्या सगळ्या कडा एपॉक्सीनं आधी बंद करायच्या आणि मग बसवायचं. आणि हे काम आत्ता नाही, दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की. दमट हवेत मारलेलं फायबर महिन्यात सुटतं.

लोक काय करतात माहितीये, ओल्या प्लायवरच दोन थर मॅट मारतात आणि पांढरा रंग. तुमच्या होडीत आतून "जाड पांढरा रंग" आहे म्हणालात ना.

खाडीकाठ | मंगळवार, रात्री १०:१२

हो. तेच मगाशी डोक्यात आलं.

माश्याक_जाळा | बुधवार, सकाळी ७:०१

आणि मेरीटाईम बोर्डाचो परवानो, सर्व्हे इसरू नको. पावणे बसवचे तर लागताच. पण सर्व्हे झालेलो आसा म्हणून फळी घट आसा असा नाय धरूचा.

खाडीकाठ | शनिवार, रात्री ११:२०

परत आलो. अंग ठेचलंय, ट्रेलरखाली दीड तास पालथा पडलो होतो.

क्रमानं सांगतो. गेलो तेव्हा ताडपत्री काढून होडी धुऊन पुसून ठेवलेली, अगरबत्ती लावायची तेवढी राहिली होती. पुढच्या कप्प्यात रूम फ्रेशनरचा वास. मोगरा. होडीत मोगरा! मेव्हण्यानं तिथेच माझ्याकडे बघितलं. अनवाणी चाललो, फ्लोअर बरा निघाला, फक्त इंजिनजवळ डाव्या बाजूला टाच किंचित खाली गेली. ठोकायला सुरुवात केली. बाजू टण टण, फळीचा वरचा अर्धा भाग टण टण, मला वाटलं चला वाचलो. मग खाली बुचाकडे आलो आणि आवाज बदलला. भद्द. एकदा ऐकल्यावर परत शंका राहत नाही, दादा म्हणाले तसं, स्क्रूड्रायव्हर बसतोच. खडूचा नकाशा काढला तर उजव्या बोल्टापासून खाली उतरत बुचाभोवती मोठा झोला.

मेव्हण्यानं इंजिनवर वजन दिलं, फळी दिसेल इतकी वाकली नाही. पण वरच्या उजव्या कोपऱ्यात केसाएवढी भेग होती, ती उघडत होती. मालक म्हणाला, ती रंगाची भेग आहे. मी म्हटलं असेल.

वजनकाटा रस्त्यावरच होता. जेलकोटदादा, त्याच साच्यातली दुसरी होडी खरंच तीन घरं सोडून निघाली आणि ते गृहस्थ हसत हसत ट्रेलर घेऊन आले, त्यांनाही बघायचं होतं. त्यांची ५६५ भरली, ही ७४०. दोन्ही रिकाम्या, इंजिन काढून, ट्रेलर वजा करून. तुमचे चाळीस सोडले तरी सव्वाशेच्या वर राहतात, म्हणजे वीस लिटरचे सहा जार पोटात घेऊन उभी होती ती.

आकडे ऐकून मालकाचा चेहरा उतरला. वाईट माणूस नाहीये तो, त्याला खरंच माहीत नव्हतं असं मला वाटतं, तीन वर्षांपूर्वी त्यानंही कुणाकडून तरी अशीच रंगवलेली घेतली होती. भोक पाडायला तोच म्हणाला, पाडा, मलाही कळू दे. तीन पाडली. डावीकडचा भुसा तपकिरी ओला. मधला काळा. उजवीकडे बिट आत गेलं आणि मागे खेचलं तर भोकातून पाण्याची बारीक धार लागली, मिनिटभर वाहत होती. आम्ही चौघे बघत उभे. कुणी काही बोललं नाही.

होडी नाही घेतली. इंजिन मात्र चांगलं आहे, आमच्याकडच्या मेकॅनिकनं कॉम्प्रेशन बघितलं, दोन्ही सिलिंडर सारखे. इंजिन आणि ट्रेलरचं बोलणं चालू आहे. त्या तीन घरं सोडून राहणाऱ्या गृहस्थांची ५६५ वाली पण दोन वर्षांत विकायची आहे म्हणे.

तिरकस | शनिवार, रात्री ११:३१

मोगरा 😂😂

सरोवरकाठची | रविवार, पहाटे ४:५०

नवऱ्याला वाचून दाखवलं. तो काहीच बोलला नाही, चहा करायला उठला.

तांडेलपोर | रविवार, सकाळी ९:००

५६५ वालीसाठी दोन वर्षं थांबा. आणि त्या गृहस्थांना आत्ताच सांगून ठेवा, पावसात बूच काढून नाळ उंच करून ठेवा आणि वर झापं घाला, ताडपत्री नको. स्वतःचीच होडी समजून सांगा, पुढे तुमचीच व्हायची आहे.

जेलकोट | रविवार, सकाळी १०:३५

छान केलंत. ती तीन भोकं बुजवलीत ना?

खाडीकाठ | रविवार, सकाळी ११:०२

तेव्हा नाही बुजवली, पाणी वाहतंय तोवर वाहू दे म्हटलं. मालकाकडे एपॉक्सीची ट्यूब देऊन आलोय. आत्ता फोन आला होता, उजवीकडचं अजून ठिबकतंय, खाली बादली लावलीय.